दोन बोटं

कमरेच्या जरा वर दोन बोटं लागली आणि ताली वळायच्या आधी तिचा हात वळला. पनवेलच्या एसटी स्टँडवर पेणच्या गाडीसाठी माणसं दाटून उभी होती. तिच्या खांद्याला अवजारांची बॅग, पायाशी बर्फ भरलेला निळा डबा, कानात इअरफोन आणि त्यात कंपनीतल्या प्रणितचा लांबलचक निरोप चालू. मागं न बघताच तिनं ती बोटं पकडली. त्यातलं एक मुठीत आलं, अंगठा त्याच्या मुळाशी बसला आणि मनगटाला जो झटका द्यायचा तो तिनं दिला. टक् असा आवाज झाला. तो इअरफोनमधूनही ऐकू आला, किंवा कानानं नाही, हाडानं ऐकला. हा आवाज तिच्या रोजच्या कामातला होता. कोंबडीची मान सुटते तेव्हा असाच बारीक आवाज होतो आणि लगेच पंखांची फडफड सुरू होते, म्हणून सवयीनं तिनं हात अंगापासून लांब धरला. फडफड झाली नाही. एक माणूस ओरडला.

साठीचा, काटकुळा, अंगात वॉचमनचा आकाशी शर्ट. उजवा हात त्यानं पोटाशी धरला होता आणि त्याचं मधलं बोट भलत्याच दिशेला बघत होतं. "काय झालं ताई?" कुणीतरी विचारलं. "हात लावला यानं," ताली म्हणाली. एवढंच म्हणाली. पुढचं सगळं त्या तीन शब्दांनी केलं. पहिली थप्पड एका पोरसवदा माणसानं मारली, जिममध्ये जाणाऱ्यांचा असतो तसला घट्ट टीशर्ट घातलेल्या. मग एकानं छत्रीची मूठ चालवली. मग कोण मारतंय ते कळेनासं झालं. माणूस खाली गेला, त्याची एक चप्पल पायांमधून बाहेर आली, मधेच त्याचं तोंड दिसलं, ओठ दातावर फाटलेला, आणि त्या तोंडानं काहीतरी सांगायला घेतलं तोच एक बूट तिथं आला. एका बाईनं तालीला छातीशी ओढलं. तिच्या अंगाला शिकेकाईचा वास होता. "तू बघू नको, बाळा," ती म्हणाली. ताली तिच्या खांद्यावरून बघत राहिली. तेवढ्यात गाडी लागली. कुणीतरी तिचा डबा आत चढवून दिला, कंडक्टरनं पुढची खिडकी रिकामी करून दिली, म्हणाला, "बसा मॅडम. बरं केलंत." गाडी निघाली तेव्हाही तो माणूस उठलेला नव्हता.

पळस्पे फाटा मागं पडला तेव्हा तिनं स्वतःशी कबूल केलं की आपल्याला छान वाटतंय. तळहात ऊबदार होता. मांडीवर उताणा ठेवून ती त्याच्याकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणीतरी कामगिरीवर पाठवलेला होता आणि परत आला होता. पस्तीस वर्षांच्या अंगावर किती हात साठलेले असतात! कॉलेजच्या जिन्यातले, गणपतीच्या गर्दीतले, एका सरांचा, जो पाठीवर शाबासकी द्यायचा आणि उचलायला विसरायचा. त्या सगळ्यांच्या खाली, अगदी तळाशी, रेवदंड्याला आत्याकडे जातानाचा हात होता. ती बारा वर्षांची. बाबा पुढच्या सीटवर, तिनं हात लांब केला तर लागतील एवढ्या अंतरावर, मान एका बाजूला टाकून झोपलेले. शेजारच्या माणसाच्या मांडीवर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्याचं एक टोक तिच्या मांडीवर आलेलं. तिचे स्वतःचे हात तेव्हा कुठं होते? मांडीवरच होते, पत्र्याच्या डब्यावर. डब्यात आईनं आत्यासाठी दिलेल्या करंज्या होत्या आणि तो सांडू नये म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. वडखळला तो माणूस उतरला, वर्तमानपत्राची नीट घडी घातली, आणि बाबा जागे झाले, म्हणाले, "ताले, सरबत पिणार?" ती हो म्हणाली. ते सरबत ती प्यायली. आज इतक्या वर्षांनी मधलं बोट मोडलं होतं आणि तिला तहान लागली होती, चांगली, स्वच्छ तहान.

बाबांचे हात मात्र वेगळे. बाबा, एलिजा पेणकर, दिवसा टपाल खात्यात होते आणि सणावारी पनवेलच्या उरल्यासुरल्या बेने इस्रायली ज्यू घरांसाठी कोंबडी कापत. सुरी नखावरून फिरवून बघत, धारेला केसाएवढी खाच लागली तरी सुरी बाजूला. मग ओठातल्या ओठात हिब्रू आशीर्वाद, मग एकच ओढ, आणि मग सांडलेल्या रक्तावर मूठभर माती. ती माती टाकायचं काम लहानपणी तालीचं होतं. "झाकून टाक," बाबा म्हणत, "उघडं ठेवायचं नसतं." पुढं ती जनावरांची डॉक्टर झाली, कोंबड्यांचं पोट हा तिचा विषय झाला, आणि तिच्या कामात सगळं उघडंच करायचं असतं. तपासणीसाठी तिनं किती पक्षी मारले ते तिला माहीत नाही. डाव्या हातात दोन्ही पाय, उजव्या हाताची दोन बोटं डोक्याच्या मागं, खाली ओढ आणि मागं मुरड. तोंडातून शब्द नाही. बाबांनी एकदा बघितलं होतं. सुरी बघत तसे तिच्या बोटांकडे बघत राहिले.

निकेशची कोंबड्यांची शेड कर्नाळ्याच्या पायथ्याशी, हायवेपासून आत. निकेश आगरी, बापाची जमीन विमानतळात गेल्यावर त्यानं हा धंदा काढला. दोन बॅच त्याच्या हगवणीनं मेल्या होत्या. खाली पसरलेल्या भाताच्या तुसात रक्ताचे शिंतोडे, पक्षी माना पाडून बसलेले, आणि दुकानदारानं दिलेलं प्रत्येक अँटिबायोटिक पाण्यात ओतून झालेलं. तालीच्या कंपनीची जिवाणूंची भुकटी त्यानं म्हणूनच घेतली होती. शेडच्या मधोमध जाळी मारून एका बाजूच्या खाद्यात ती मिसळायची, दुसऱ्या बाजूला नाही. ही पूड जिवंत असते, हे तिनं त्याला पहिल्या दिवशी समजावलं होतं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाचं आतडं कोरं असतं. तिथं जो जिवाणू आधी पोहोचतो तो जागा धरतो. चांगल्यानं आधी धरली तर वाइटाला पाय ठेवायला मिळत नाही. "म्हंजे आमच्या उलवे गावासारका," निकेश तेव्हा हसून म्हणाला होता. "जो पयला घुसला, त्याचा नाका."

आज दोन्ही बाजूंचे पक्षी मारून आतडी बघायची होती. तिनं डबा उघडला तर बर्फ निम्मा गेलेला. खालचं बूच निघालेलं होतं. धक्काबुक्कीत निघालं असेल, तिनं मनाशी म्हटलं आणि ते दाबून बसवलं. मग भुकटीच्या बाजूचे पक्षी घेतले. टक्. फडफड. टक्. फडफड. पोटाची कातडी चिमटीत धरून कात्रीनं फाडली, छातीचं हाड वर उचललं, आतड्याचा गुंडाळा गरम गरम हातात आला. कात्रीचं एक पातं आत घालून ती लांबीनं चिरत गेली. आतून मखमल. दाट, गुलाबी, बोट फिरवलं तर बोटाला धरून ठेवणारी. एरवी असं आतडं दिसलं की तिला प्रसन्न वाटे. आज बोटांना त्या माणसाचं बोट आठवत होतं. ते कोरडं होतं, खरखरीत, आणि मुठीत आल्यावर त्यानं ओढून घेतलं नव्हतं. हे आत्ता कुठून आलं? ज्याची चोरी पकडली जाते तो हात ओढून घेतो. हा हात मुठीत नुसता राहिला होता, एखाद्याला वाटावं की समोरच्यानं हात धरला म्हणजे त्याला आपलं ऐकायचं आहे, तसा.

जाळीपलीकडे गलका झाला. बिनभुकटीच्या बाजूला एका पक्ष्याच्या शेपटीखाली रक्त आलं होतं आणि बाकीचे त्याच्यावर तुटून पडले होते. तो पळत नव्हता. उभ्या उभ्या टोचून घेत होता. निकेशनं त्याला उचलून बाहेर काढलं. "रगत दिसला का सोरत नाय मंग," तो म्हणाला आणि हात पुसून खिशातला मोबाइल काढत तिच्याजवळ आला. त्याचा चेहरा फुलला होता. "मॅडम, तुमी काय बोललाव पन नाय! सगल्या ग्रुपवं तुमीच हाव. एक नंबर काम केलाव. असल्यांना असाच पायजे."

तिचे दोन्ही हात रक्तानं भरलेले, म्हणून त्यानं फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला. स्टँडवरच्या मोबाइलच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण होतं, बिनआवाजाचं. कुणीतरी त्या माणसाच्या उजव्या हाताभोवती लाल गोल काढला होता. निकेश गोलाकडे बघत होता. तालीनं गोलाच्या बाहेर बघितलं. तिथं तिची पाठ होती, कानातल्या पांढऱ्या वायरी होत्या, पायाशी डबा होता, आणि डब्याखालून पाण्याचा काळा ओहोळ फलाटाच्या कडेपर्यंत गेला होता. तो माणूस वाकला. त्यानं डब्याकडे बघितलं. तिच्या पाठीकडे बघून तो काहीतरी बोलला. डावा हात डब्याकडे करून पुन्हा बोलला. मग त्यानं उजव्या हाताची दोन बोटं, दार वाजवावं तशी, तिला लावली. डावा हात अजून डब्याकडेच होता. तो तसाच राहिला, बोट मोडेपर्यंत.

"परत लावा," ती म्हणाली. निकेशनं कौतुकानं परत लावलं. डावा हात. पाणी. डावा हात. ती शेडच्या बाहेर जाऊन ओकली.

"सकाळपासून काय खाल्लाव नाय का?" निकेश पाणी घेऊन आला.

"तो माणूस कुठं आहे?"

"सरकारी दवाखान्यात नेलाय म्हनतात. कशाला पायजे?"

तिनं सांगितलं. निकेशनं व्हिडिओ पुन्हा बघितला, या वेळी बराच वेळ. मग फोन खिशात टाकला. "मॅडम, तुमी आता काय बोलू नका. बोललाव तर तुमच्यावं उलटंल. लोका दोन दिवसांत इसारतील."

"मला गाडीनं सोडा."

"आनि हे?" त्यानं जाळीपलीकडे बोट केलं. त्या बाजूचं एकही आतडं बघून झालेलं नव्हतं. आज ते राहिलं तर दोन्ही बाजूंची तुलना होणार नव्हती, एवढ्या आठवड्यांची मेहनत पाण्यात. प्रणितचा मेसेज तिच्या फोनवर चमकत होता: प्राउड ऑफ यू, डॉक्टर ताली, कंपनीच्या पानावर टाकतोय. तिनं हात धुतले. नखांच्या मुळाशी राहिलेलं गेलं नाही.

वाटेत आईचा फोन आला. आईला, म्हणजे मझलबाईंना, शेजारणीनं व्हिडिओ दाखवला होता. "अगं, केवढी धीट गं माझी पोर!" आई रडत होती, हसतही होती. "तुला म्हणून सांगते, आम्हाला कधी जमलं नाही. आम्ही गर्दीत नुसती पिन टोचायचो. बाबा असते तर..." बाबा असते तर काय, ते आईला सांगता येईना. तालीला सांगता आलं असतं. बाबांनी आधी धार बघितली असती. "आई, मी नंतर बोलते," ती म्हणाली, आणि निकेश आरशातून तिच्याकडे बघून पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला. दवाखान्याच्या फाटकाशी त्यानं तिला उतरवलं आणि गाडी बंदसुद्धा न करता निघून गेला.

लांबलचक व्हरांड्यात तो एका बाकावर होता. दयाराम म्हणून त्याला कुणीतरी हाक मारली, म्हणून नाव कळलं. एक डोळा मिटलेला, ओठाला टाके, बोटाला पट्टी. त्याची बायको त्याच्या शेजारी नव्हती. ती समोरच्या बाकावर, त्याच्याकडे अर्धी पाठ करून बसली होती. तिची एक चप्पल पायात होती आणि दुसरी हातात. ताली समोर जाऊन उभी राहिली. दयारामनं तिला ओळखलं आणि पहिली गोष्ट केली ती ही की पट्टी नसलेला हात त्यानं पटकन मांडीखाली सरकवला.

"तुमचं काही चुकलं नव्हतं," ताली म्हणाली. "माझा डबा गळत होता. तुम्ही तेच सांगत होतात. मी बघितलंय आता."

बायको उठली. ठेंगणी, आडव्या अंगाची, उन्हानं करपलेली. "तू ती डाक्तर?"

"हो."

"माज्याकरं बघून सांग. यानं तुला हात लावला का नाय?"

"लावला. सांगायला लावला. हाक मारली तरी मला ऐकू आलं नाही म्हणून."

बाईनं हातातल्या चपलेकडे बघितलं. ती तिनं हळूच जमिनीवर ठेवली आणि पाय आत घातला. "मी पन मारला त्याला," ती म्हणाली. "हितं आल्या आल्या. लोकांसमोर. जावयाचा फोन आलेला, व्हिडिओ बघून." मग एकदम तिचा आवाज चढला. "मिठागरात आख्खा जन्म गेला त्याचा. मीठ पानी झाला का माणसाचा काय जाते, त्याला ठाव हाय. म्हनून बोलाय गेला तुला. आनि तू इचारलास पन नाय?"

"जने," दयाराम टाक्यांमधून म्हणाला, "गाडी सुटंल."

उरणची गाडी त्याच स्टँडवरून सुटणार होती. तो उठला खरा, पण दोन पावलं टाकून परत बाकाकडे वळला, आणि तालीच्या लक्षात आलं की त्याला त्या स्टँडवर पाय ठेवायची भीती वाटतेय. जनीच्याही लक्षात आलं. "ही येल संगती," ती म्हणाली. "हिला पुरं चालव. कोन काय बोलला त हीच सांगंल."

रिक्षातून उतरून ते फलाटावर आले तेव्हा दिवे लागत होते. ताली पुढं, मागं तो, त्याच्यामागं जनी. वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, ती ते जिभेवर घोळवत होती: यांनी काही केलेलं नाही, चूक माझी आहे. पेरूवाल्यानं आधी बघितलं. "अरे, हाच ना तो सकाळचा?" माना वळल्या. "मॅडमच्या मागं मागं परत आला काय रे भडव्या?" ताली ओरडली, "थांबा! ऐका! यांनी काही केलं नाही, माझी चूक झाली!" एक पांढरा शर्टवाला तिच्याजवळ वाकला, फार मऊ आवाजात म्हणाला, "मॅडम, घाबरू नका. धमकी दिली का यानं? बोलायला लावतोय का?" आणि उत्तराची वाट न बघता त्यानं मागं वळून दयारामच्या टाके घातलेल्या तोंडावर ठोसा मारला.

मग सकाळचंच सगळं पुन्हा. जनीनं एकाचा हात चावला, तिला केसांना धरून कुणीतरी खांबावर आपटलं. दोन बायकांनी तालीचे दंड धरले. "तू बाजूला हो, आम्ही आहोत," त्या म्हणत होत्या, आणि खरोखर तिच्या बाजूनं होत्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सोडा मला," ती किंचाळली. त्यांनी अजून घट्ट धरलं. तिनं एकीच्या नडगीवर लाथ मारली, सुटली आणि घोळक्यात शिरली. पांढऱ्या शर्टवाल्याची मान तिच्यासमोर आली. कॉलर मागं सरकलेली, घामानं चमकणारी, केसांच्या खाली तो खळगा, जिथं दोन बोटं बरोबर बसतात. उजवा हात वर गेलाच होता. बोटं उघडली होती. त्यांना सगळं माहीत होतं, ओढ किती, मुरड कुठं, आणि आत्ताही आपण छान वाटून घेऊ शकतो हे तिला इतकं स्पष्ट कळलं की ती स्वतःलाच भ्याली. कुणाचंतरी कोपर तिच्या कानावर बसलं. डोक्यात शिटी वाजली. तिनं ते उघडलेले हात खाली नेले, जमिनीवर पडलेल्या दयारामच्या अंगाखाली घातले आणि त्याच्यावर पालथी पडली.

पाठीवर दोन लाथा आल्या. तिसरी अर्ध्यात थांबली. "अरे, मॅडम आहे खाली! मॅडम आहे!" तिचा गाल त्याच्या शर्टवर होता. मिठाचा, औषधाचा, मुताचा वास येत होता. बरगड्यांच्या आत त्याचं काळीज पाखराच्या वेगानं धावत होतं, आणि तिला ठाऊक होतं की ते तिच्या वजनाखाली जास्त धावतंय. "सोर," तो म्हणत होता. "सोर मला, बाय. सोर." लोकांच्या लाथा खाताना तो गप्प होता. हे तो तिला म्हणत होता. तिनं सोडलं नाही. वर पाय अजून उभे होते.

उरणची गाडी आली. माणसं जागा धरायला धावली आणि घोळका आपोआप पातळ झाला. जनीनं कपाळावरचं रक्त पदरानं पुसलं, नवऱ्याला काखेत धरून उभं केलं, ढकलत वर चढवलं. ताली दांड्याला हात लावून पायरीवर पाय ठेवणार तोच जनी वळली. "तू नको," ती म्हणाली. रागानं नाही, थकून. "तुझा काम हितं हाय." दार लागलं.

पांढऱ्या शर्टवाला रुमाल पुढं करत होता. "तुमच्या कानातून रक्त येतंय मॅडम. तुम्ही कशाला मधे आलात?" त्याला खरंच वाईट वाटलं होतं. तालीनं त्याच्याकडे बघितलं आणि ते तयार वाक्य म्हटलं, सबंध, न ओरडता. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. त्यानं रुमाल खिशात घातला, इकडंतिकडं बघितलं आणि निघून गेला. पेरूवाला गाडी ढकलत पलीकडे सरकला. ज्या बायकांनी तिला धरलं होतं त्यांची गाडी लागली होती. ज्यांना सांगायचं ते एक एक करून जात होते आणि त्यांच्या जागी दुसरे येऊन उभे राहत होते, हातात पिशव्या, ऑफिसचे डबे, त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईनं तिच्या कानाकडे बघून विचारलं, "काय झालं गं?" ताली तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, तिला स्वतःचे दोन्ही हात नीट दिसतील असे पुढं धरले, आणि सकाळपासून सांगायला सुरुवात केली.